परीच्या पंखातला भाकरीचा तुकडा

उजेड आहे तेव्हापासून डोंगर आहे, आणि डोंगर आहे तेव्हापासून ही गोष्ट आहे. तेव्हा जवळ सरका, पाय पोटाशी घ्या आणि ऐका.

त्या डोंगराच्या पायथ्याला एक वाडी होती आणि वाडीच्या टोकाला एक खोपटं. छप्पर गवताचं, भिंती कुडाच्या. पाऊस आला की आत इतक्या ठिकाणी गळायचं की घरातलं एकूण एक भांडं थेंबांखाली मांडावं लागे. मग स्वयंपाक कशात करायचा? पण स्वयंपाकाला तरी काय असायचं! एक भाकरी. कधी तीही नाही.

त्या खोपटात सोनकी राहायची. इवलीशी पोर. दोन चिमुकल्या वेण्या, कोपराला फाटलेलं पोलकं, आणि परकराच्या काठात कायम खोचलेली एक सुई. सुई कशाला? तर तिची येसाआई गोधड्या शिवायची, आणि तिला सुईत दोरा ओवून द्यायचं काम सोनकीचं.

येसाआई ही तिची आई नव्हे, आजीही नव्हे. एका आश्विनात डोंगरावरचं पठार सोनकीच्या फुलांनी पिवळंधमक झालं होतं. त्या फुलांत कुणीतरी एक तान्हं लेकरू ठेवून गेलं होतं, फाटक्या निळ्या फडक्यात गुंडाळून. सरपणाला गेलेल्या येसाआईने ते उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाली, "फुलांनीच दिलंय, तर नावही फुलांचंच." अशी ही सोनकी. ते निळं फडकं म्हातारीने टाकलं नाही बरं का. स्वतःच्या पांघरायच्या गोधडीत वरच्या थराला शिवून टाकलं.

आता येसाआईच्या गोधडीचं सांगते. जुनी लुगडी, विरलेली धोतरं, लेकरांची झबली, सगळं थरावर थर अंथरायचं आणि लाल दोऱ्याने काठाकाठाने आत आत शिवत जायचं. टाके असे बारीक, जशा मुंग्या साखरेला निघाल्यात. आणि सगळं झालं की शेवटच्या कोपऱ्यात, ठिगळाच्या खाली, भाकरीचा एक चिमूटभर तुकडा ठेवून तो कोपरा शिवायचा. का? तर येसाआई म्हणायची, "उपाशी पांघरूण ऊब देत नाही, सोने. आधी गोधडीचं पोट भरायचं." घरात एकच भाकरी असली तरी पहिला तुकडा गोधडीचा. नुसतं ठिगळ लावायचं असलं तरीसुद्धा. त्यात बदल नाही.

पण माणूस म्हातारं होतं. येसाआईच्या डोळ्यांवर धुकं आलं. बोटं आल्याच्या कांडीसारखी वेडीवाकडी झाली आणि रात्रंदिवस ठणकू लागली. मुंग्यांची रांग मोडली. टाके कुठेही जाऊ लागले.

एके दिवशी द्वारकाकाकू आली. वाडीत सगळ्यात जास्त म्हशी तिच्या, आणि सगळ्यात मोठा आवाजही तिचाच. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. त्या बाळासाठी शिवायला दिलेली गोधडी तिने येसाआईच्या पुढ्यात टाकली.

"येसाबाई, हे काय गं? हा टाका की गोगलगायीची वाट? माझं नातवंड यात निजलं तर त्याची बोटं अडकतील दोऱ्यात!"

येसाआईने गोधडी चाचपली. "उसवून पुन्हा घालते, द्वारका."

"कशाने घालशील? या हातांनी? तुला घास धरता येत नाही, सुई काय धरतेस! हे बघ, माझं ऐक. दसऱ्याला मी येते आणि पोरीला घेऊन जाते. माझ्या म्हशी राखेल, पोटाला दूधभाकरी मिळेल. तू बस देवळाच्या पायरीवर. लोक देतात काही ना काही."

सोनकीला वाटलं, आता येसाआई ठणकावून नाही म्हणणार. पण येसाआईने चाचपत सोनकीचा बारीकसा दंड धरला. मग हळूच म्हणाली, "दूध रोज देशील?"

"रोज."

"मग... ने."

द्वारकाकाकू गेली. सोनकी येसाआईसमोर उभी राहिली. कमरेवर हात.

"मी जाणार नाही."

"जाशील. तुझ्या बरगड्या मोजता येतात मला, डोळे नसले तरी."

"मला दूध नको."

"पण मला हवंय, तुझ्या पोटात गेलेलं." असं म्हणून म्हातारीने तोंड फिरवलं. तोंड का फिरवलं ते तुम्हाला कळलंच असेल.

सोनकी रडली नाही. तिने मनाशी पक्कं केलं. येसाआईचे हात बरे झाले की कुणाला कुठे जायला नको. मग हात बरे करायचे. कसे, ते माहीत नव्हतं. पण करायचे, एवढं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काटक्या आणायला पठारावर गेली. परकराच्या ओच्यात अर्धी भाकरी बांधलेली. वर पाहते तर काय! सगळं पठार सोन्याने सारवल्यासारखं. पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, आणि मधूनमधून निळी निळी इटुकली फुलं, जशी कुणी आभाळाची चिंधी फाडून भिरकावून दिली असावी. दवाचे थेंब पात्यापात्यावर लुकलुकत होते. आणि करवंदीच्या जाळीत काहीतरी चमचम चमचम करत फडफडत होतं.

सोनकी वाकली. आत होती एक परी! ज्वारीच्या कणसाएवढी उंच. अंगात जाईच्या पाकळ्यांचा झगा, केसांत दवाचे मणी, आणि पाठीला दोन पंख, साबणाच्या फुग्यासारखे, क्षणात जांभळे, क्षणात मोरपिशी. त्यातला एक काट्यात अडकून टरकन फाटलेला.

"हलू नकोस," सोनकी म्हणाली. "हललीस की आणखी फाटेल. मला ठाऊक आहे, जुन्या लुगड्यांचं असंच असतं."

"माझा पंख म्हणजे जुनं लुगडं नाही!" परी रडवेल्या आवाजात म्हणाली.

"फाटलं की सगळं सारखंच. थांब तू."

तिने काटे एकेक करून मोडले. तिच्या बोटांतून रक्ताचे थेंब आले, ते तिने परकराला पुसले. परीला तळहातावर घेतलं, काठातली लाल दोरा ओवलेली सुई काढली आणि इतक्या हलक्या हाताने पंख शिवला की परीला गुदगुल्या झाल्या. बारीक, लाल, मुंगीच्या पावलांचे टाके. शिवता शिवता तिने आपलं नाव, येसाआई, द्वारकाकाकू, सगळं सांगून टाकलं. शेवटचा कोपरा आला तेव्हा सोनकीने सवयीने अर्ध्या भाकरीतला एक कण मोडला, कोपऱ्यात ठेवला, शिवला, गाठ मारली आणि दाताने दोरा तोडला.

"झालं. उड."

परी उडाली. गर्रकन एक गिरकी घेतली, फुलांवरून सोनेरी धूळ उडवली, आणि मधेच थांबून पोटावर हात ठेवून खाली आली.

"सोनके, मला काहीतरी होतंय. पोटात कुणीतरी बसलंय. आतून ओढतंय."

"म्हणजे भूक लागलीय तुला."

"भूक? ते काय असतं? मी दव चाटते, चांदणं पिते. मला हे कधी झालं नाही!" मग ती दचकली. पंखाचा कोपरा नाकाशी नेऊन हुंगला. "तू माझ्या पंखात काय घातलंस?"

"भाकरी."

"भाकरी! अगं वेडे, मी काय गोधडी आहे?"

सोनकी ओशाळली. "चुकलं माझं. पण ठिगळ उपाशी ठेवायचं नसतं ना. येसाआई म्हणते..." आणि तिने उरलेली भाकरी परीपुढे धरली. "घे. भूक लागली की हेच करायचं असतं."

परीने एक कण खाल्ला. डोळे मिटले. आणखी एक खाल्ला. खात खात ती सगळी भाकरी संपली, तेव्हा तिच्या लक्षात आलं. "आणि तू?"

"मला सवय आहे," सोनकी म्हणाली.

परीने सोनकीच्या पोटाकडे बघितलं. आत्ता तिला कळलं होतं ना, सवय कशाची ते. तिने केसांतले तीन मणी काढले, एक गुंजेसारखा लाल, एक निळाशार, एक पांढराशुभ्र, आणि सोनकीच्या हातावर ठेवले.

"हे तीन मणी, ह्या तीन मागण्या. मणी फुलावर ठेवायचा आणि मागायचं. पण नियम आहेत, नीट ऐक. स्वतःसाठी काही मागायचं नाही. एकदा दिलेलं मागे फिरत नाही. आणि तिसरं, जगातलं काही नाहीसं होत नाही. कुणाचं दुखणं काढलंस, तर ते कुठे ठेवायचं तेही सांगावं लागेल."

सोनकीने पापणीसुद्धा लववली नाही. लाल मणी सोनकीच्या फुलावर ठेवला. "येसाआईच्या बोटांतलं दुखणं काढ."

"काढते. ठेवू कुठे?"

"त्या दगडात ठेव."

"दगडाला दुखणं धरता येत नाही. ते जिवंतातच राहतं."

"मग झाडात?"

"झाड वाळेल."

सोनकीने डोकं खाजवलं. "म्हशीत? म्हैस खूप मोठी असते."

"म्हैस दूध द्यायची नाही, आणि तिला सांगताही येणार नाही कुठे दुखतंय ते." परी तिच्या खांद्यावर येऊन बसली आणि कानाशी कुजबुजली, "ती द्वारकाकाकू आहे ना? तुम्हा दोघींची ताटातूट करणारी? तिच्या हातांत ठेवू?"

खोटं कशाला सांगू, क्षणभर सोनकीला बरं वाटलं. द्वारकाकाकूचे ते जाडजूड हात तिच्या डोळ्यांसमोर आले. ठणकू देत! पण मग तिला वाटलं, त्याच हातांनी ती लेकीचं बाळंतपण करणार. त्याच हातांनी बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणार. हात ठणकले आणि बाळ निसटलं तर?

"नको," ती म्हणाली. "तिला बाळाला न्हाऊ घालायचंय. माझ्या हातांत ठेव."

"पुन्हा सांगते, मागे फिरत नाही."

"ठेव म्हटलं ना."

मणी विरघळला. सोनकीची चिमुकली बोटं आखडली. आत जणू कुणी निखारे पेरले. तिने ओठ दाताखाली धरला, काटक्या कोपरांनी गोळा केल्या आणि उतरून घरी गेली.

घरी काय आनंद! येसाआई हात उलटेपालटे करून बघत होती. "सोने, चमत्कार बघ! बोटं मोकळी झाली माझी. आण ती द्वारकेची गोधडी, टाके उसवू. आता बघते कशी नेते तुला ती!" तिने सुई पुढे केली. "ओव दोरा."

आता घ्या. येसाआईची बोटं बरी झाली, पण डोळ्यांवरचं धुकं होतं तसंच. दोरा सोनकीनेच ओवायचा. सोनकीने दोरा धरला. सुटला. पुन्हा धरला. सुईचं नेढं इकडे, दोरा तिकडे. तिच्या कपाळावर घाम आला.

"काय गं, आज इतका वेळ?"

"काटा लागलाय."

येसाआईने तिचे हात हातात घेतले. चाचपले. एकेक पेर, एकेक सांधा. आणि म्हातारीचा चेहरा असा झाला, जसं हरवलेलं माणूस भलत्याच ठिकाणी भेटावं.

"हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे," ती म्हणाली. "आधी करंगळीत येतं, मग आंगठ्याच्या मुळाशी जाऊन बसतं. कुणाला विचारून आणलंस?"

सोनकीने सगळं सांगून टाकलं. परी, मणी, नियम, सगळं.

"माझं दुखणं मला न विचारता नेलंस?" येसाआई कडाडली. "लाज नाही वाटली? जा, देऊन ये परत!"

"मागे फिरत नाही ते."

"मग मी फिरवते!"

आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघी एकमेकींकडे पाठ करून झोपल्या. पण गोधडी एकच होती ना, म्हणून पाठीला पाठ लावूनच.

सकाळ झाली, आणि सोनकी हळूच उठून पठारावर निघाली. दसऱ्याचा आदला दिवस. तिने आता मोठाच बेत केला होता. एक दुखणं काढून काय होतं? डोळे आहेत, पाय आहेत, पाठ आहे. सगळं मुळापासूनच काढायचं.

तिने निळा मणी दोन्ही हातांच्या तळव्यांत धरून फुलावर ठेवला. परी उजेडाच्या ठिणगीसारखी आली.

"येसाआईचं म्हातारपण काढून टाक. तिला तरुण कर."

परी हसली नाही. फुलाच्या कडेवर पाय सोडून बसली. "करता येईल. म्हातारपण कुठे ठेवायलाही लागणार नाही, वर्षं सुटी झाली की वाऱ्यावर जातात. पण सोनके, तुला गोधडीचं कळतं म्हणून सांगते. माणसाचं वय असंच असतं, थरावर थर. वरचा थर काढला की त्याला जे जे शिवलंय ते सगळं सुटतं. तू तिला म्हातारपणी सापडलीस. तू वरच्याच थरात आहेस."

"म्हणजे?"

"म्हणजे ती तरुण होईल, हात चालतील, डोळे लखलखतील. पण तुला ओळखणार नाही. रस्त्यात भेटलीस तर विचारेल, कुणाची गं तू?"

सोनकीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. वारा आला, फुलं डुलली, पुन्हा थांबली. मग तिने आखडलेल्या हाताने नाक पुसलं.

"चालेल. मी तिला सांगेन, मी सोनकी, मला दोरा ओवता येतो. नव्याने ओळख करून घेईन. नाही पटली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन."

"आणि तरीही नाही पटली तर?"

"तरी पुन्हा जाईन."

"खबरदार!"

मागून आवाज आला. बघतात तर येसाआई! काठी टेकत, धापा टाकत, डोंगर चढून आलेली. खांद्यावर आपली जुनी गोधडी. केसांत पाचोळा, लुगड्याला चिखल. वाटेत पडली असणार, पण सांगते कोण.

"कुठंय ती तुझी परी?"

"ही काय समोर, फुलावर."

येसाआईने डोळे बारीक केले. "उजेडाचा ठिपका दिसतोय. बरं, ठिपक्या, तू ऐक." तिने गोधडी फुलांवर पसरली आणि बोटाने दाखवू लागली, न बघताच. "हे खालचं पांढरं, माझ्या मालकांचं धोतर. भला माणूस. तापाने गेला. त्याच्यावर हे झबलं. माझ्या लेकाचं. दात यायच्या आधी गेला तो. हे हिरवं लुगडं दुष्काळातलं, नेसायला दुसरं नव्हतं म्हणून रात्री धुऊन सकाळी ओलंच नेसायचे. आणि हे निळं फडकं. यात ही होती." तिचा हात तिथेच थांबला. "एकेक थर मी रडत रडत जोडलाय गं बाई. आता ऊब येतेय, तर तू उसवायला निघालीस? सगळं काढून कोरा कपडा हातात दिलास तर मी तो पांघरू कसा?"

"पण तुला दुखतं, येसाआई!" सोनकी ओरडली.

"दुखतंच. म्हातारं झाल्यावर दुखणार नाही तर काय बाशिंग बांधणार? माझं मला दे, पोरी."

"नाही देणार!"

"दे म्हणते!"

"मागे फिरत नाही!"

परी एकीकडून दुसरीकडे बघत राहिली. माणसं सोन्यासाठी भांडताना तिने पाहिली होती, राज्यासाठी पाहिली होती. एका दुखण्यासाठी दोघी हमरीतुमरीवर आलेल्या तिने पहिल्यांदाच पाहिल्या. आणि पंखातला तो भाकरीचा कण तिला आतून टोचत होता.

इतक्यात खालून बायकांचा गलका आला. दसऱ्याच्या तोरणाला फुलं आणि आपट्याची पानं न्यायला वाडीतल्या बायका पठारावर चढत होत्या. सगळ्यांत पुढे द्वारकाकाकू.

"अगं बाई, म्हातारे! तू इथे? आणि ही पोरगी का रडतेय? आणि हे काय, काजवा का दिवसाढवळ्या?"

"मी परी आहे," परी म्हणाली आणि उंच उडाली, म्हणजे सगळ्यांना दिसावं. बायकांच्या हातातल्या टोपल्या गळून पडल्या. "आणि द्वारकाबाई, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. येसाआईच्या बोटांतलं दुखणं मी तुमच्या हातांत ठेवणार होते. या पोरीने ठेवू दिलं नाही."

"माझ्या हातांत? का बरं? म्हणजे... का ठेवू दिलं नाही?"

"म्हणाली, काकूला बाळाला न्हाऊ घालायचंय. स्वतःच्या हातांत घेतलं."

द्वारकाकाकूने सोनकीचे हात बघितले. ते इवलाले हात, म्हातारीच्या हातांसारखे वळलेले. मग तिने पदराने खसाखसा डोळे पुसले आणि फटकन म्हणाली,

"एवढ्याशा बोटांत एवढं दुखणं ठेवतात होय? वाटून टाकायची अक्कल नाही कुणाला? गोधडी शिवायला आम्ही चारी बाजूंनी बसतो ना, एका बाजूने ओढली तर फाटते ती! आण इकडे. माझ्या करंगळीत घाल थोडं. उजव्या नको, उजव्या हाताने धार काढते मी. डाव्या."

"मलाही घाल गं," मागची एक म्हणाली.

"माझ्या पायाच्या बोटात चालेल का? हाताला काम फार आहे."

"चालेल," परी म्हणाली, आणि तिचा आवाज थोडा ओला झाला. "जे दुखणं आपणहून घेतलंय, ते मागे फिरत नाही, पण पुढे देता येतं."

"आणि मलाही," येसाआई पुढे झाली.

"तुला नाही. मागे फिरत नाही, नियम आहे."

"मागे कोण फिरवतंय? मी नव्याने घेतेय, सगळ्यांसारखा माझा वाटा. की म्हातारीला पंगतीतून उठवणार?"

परीने विचार केला. हा असा नियम तिला कुणी शिकवलाच नव्हता. मग ती खळखळून हसली, आणि जिथे जिथे तिचं हसू सांडलं तिथे तिथे कळ्या उमलल्या.

"तरुण करणं राहू दे," सोनकी म्हणाली, "वाटून टाक," आणि निळा मणी विरघळला. सोनकीच्या बोटांतून एक निळसर धूर निघाला, त्याचे धागे धागे झाले, आणि एकेक धागा एकेकीच्या बोटात जाऊन बसला. कुणाला वाटलं मुंगी चावली. कुणाला वाटलं सुई टोचली. बास, एवढंच. परी म्हणाली, "एक माझ्याही बोटात." तीही "आई गं!" म्हणाली आणि बोट तोंडात घातलं.

सोनकीने मुठी उघडल्या. मिटल्या. उघडल्या. अजून थोडंसं टोचत होतं, तिचा वाटा होता ना तो. पण दोरा ओवण्याइतकं पुष्कळ बरं.

"पांढरा मणी उरलाय," परी म्हणाली.

सोनकीने जरा विचार केला. "तुझ्यासाठी मागते. माझ्या चुकीने तुला भूक लागते. तो कण निघून जाऊ दे."

परीने झटकन पंख मिटून तो कोपरा छातीशी धरला. "नको! तो कण होता म्हणून तुझी सवय मला कळली. आता कुठेही लेकरू उपाशी झोपलं की मला आतून टोचेल, आणि मी तिथे जाईन. हा मणी तुझ्याकडेच ठेव. पुढची गोधडी शिवशील तिच्या कोपऱ्यात घाल. भाकरीशेजारी."

मग परी वर वर गेली. जांभळी झाली, मोरपिशी झाली, मग नुसती सोनेरी. सगळं पठार लखलखलं, बायकांनी डोळ्यांवर हात घेतले, आणि हात काढले तेव्हा तिथे ऊन होतं आणि फुलं.

दसऱ्याला द्वारकाकाकू बोलल्याप्रमाणे आली. पण पोरीला न्यायला नाही. हातात दुधाचा तांब्या, मागे सगळ्या बायका, प्रत्येकीच्या परकराच्या नाहीतर लुगड्याच्या काठात एकेक सुई. खोपटासमोर गोधडी अंथरली आणि चारी बाजूंनी बसल्या. "येसाबाई, तू फक्त सांग, टाका कसा घालायचा," द्वारकाकाकू म्हणाली. "आणि माझा टाका वाकडा आला तर गोगलगाय म्हणायचं नाही हं!"

"म्हणणार," येसाआई म्हणाली, आणि म्हणालीच.

त्या गोधडीच्या कोपऱ्यात पांढरा मणी गेला, भाकरीशेजारी. द्वारकेचं नातवंड तिच्यात निजलं, मग वाडीतलं प्रत्येक लेकरू निजलं. ती गोधडी कधी विरली नाही, आणि तिच्याखालून कुणी भुकेलं उठलं नाही. त्या वाडीच्या गोधड्या मग गावोगाव जाऊ लागल्या, आणि खोपटावर नवं छप्पर आलं. भांडी चुलीवर चढली.

येसाआई तरुण झाली नाही. ती आणखी म्हातारी झाली, मग त्याहून म्हातारी झाली. डोळ्यांवरचं धुकं दाट झालं, पाठ कमानीसारखी झाली. पण रोज सकाळी ती हात पुढे करायची, सोनकीचं तोंड चाचपायची आणि म्हणायची, "आलीस गं माझ्या निळ्या फडक्या? ओव दोरा." सोनकी ओवायची. शेवटपर्यंत ओवला.

आश्विनात कधी पठारावर गेलात तर उन्हाकडे नीट बघा. सोनेरी उजेडाचा एक कवडसा फुलाफुलांवरून नाचत असतो, आणि त्याच्या एका कोपऱ्याला तिळाएवढा डाग असतो. तो डाग नव्हे, भाकरी आहे.

शिवत शिवत आले इथवर. आता गाठ मारते आणि दोरा तोडते. या गोष्टीच्या कोपऱ्यातही एक तुकडा ठेवलाय. पांघरा, आणि झोपा.